दोन-तीन वर्षांची हट्टी मुलं आणि रात्रीची झोप: वेळापत्रक, युक्त्या, काय टाळावं

परसबाग
"मूल दोन वर्षांचं झालं, रात्री बारापर्यंत टक्क जागं, मग दोन-तीनदा उठतं, आणि काही सांगायला जावं तर 'नाही' शिवाय शब्द नाही." आठवड्याला एकदा तरी हा प्रश्न येतो आणि उत्तरं गप्पांच्या पानावर वाहून जातात. ती एका जागी राहावीत म्हणून हा धागा. 'आमच्याकडेही सेम' एवढंच लिहायचं असेल तर कृपया गप्पांच्या पानावरच लिहा. इथे वेळा, मापं, क्रम आणि काय फसतं ते हवंय.

सुरुवातीला विचारपूस पानावर आलेलं एक वेळापत्रक घेऊ. नेहमीचंच आहे. मुलगी सव्वादोन वर्षांची. उठते सकाळी ९ ला. दुपारची झोप ३.३० ते ६. रात्री ९.३० ला अंथरुणावर नेतात, झोपते १२ ला. मधले अडीच तास पाणी, शू, गोष्ट, रडारड. रात्री दोनदा उठते, दोन्ही वेळा १८० मिली दूध बाटलीतून. घर वन बीएचके, आजी-आजोबा सोबत, बाबा कामावरून सव्वानऊला येतात. कुठून सुरुवात करावी?

रातकिडा
आधी बेरीज करा. रात्रीचे ९ तास आणि दुपारचे अडीच, म्हणजे साडेअकरा. अमेरिकन अकादमी ऑफ स्लीप मेडिसिनने २०१६ साली दिलेल्या शिफारशीत १ ते २ वर्षांना ११ ते १४ तास आणि ३ ते ५ वर्षांना १० ते १३ तास आहेत, दुपारची झोप धरून. म्हणजे ही मुलगी पुरेशी झोपते आहे. झोप कमी नाही, उशिरा सरकलेली आहे. 'झोपतच नाही' असं वाटणाऱ्या बऱ्याच मुलांची बेरीज मांडली की हेच निघतं.

आता दुसरा हिशोब. या वयात दुपारी उठल्यापासून रात्रीची झोप यायला साधारण साडेपाच ते साडेसहा तास लागतात. सहाला उठलेलं मूल साडेनऊला झोपणार नाही, बारालाच झोपणार. मुलगी हट्ट करत नाहीये, तिला झोपच आलेली नाही. तिला अडीच तास अंधारात आडवं पाडून ठेवलं की अंथरूण म्हणजे भांडणाची जागा एवढंच ती शिकते.

म्हणून रात्रीच्या वेळेला आत्ता हात लावू नका. सकाळपासून सुरुवात करा.

१) पहिले तीन दिवस अंथरुणावर न्यायची वेळ उलट पुढे ढकला. पावणेबाराला न्या. हेतू एवढाच की पाठ टेकल्यावर पंधरा-वीस मिनिटांत झोप लागली पाहिजे.
२) त्यानंतर सकाळी उठवायची वेळ दर दोन-तीन दिवसांनी १५ मिनिटं अलीकडे. ८.४५, ८.३०, ८.१५ असं करत ७ पर्यंत. पडदे उघडायचे, पंखा बंद, मांडीवर घ्यायचं, बाल्कनीत किंवा खिडकीपाशी उजेडात न्यायचं.
३) दुपारची झोप त्याच मापाने मागे. ती ३.१५ ला, मग ३ ला. शेवटी दुपारी पाऊण वाजल्यापासून अडीच वाजेपर्यंत. पावणेदोन तासांवर गेली की उठवायचं.
४) रात्रीची वेळ या दोघींच्या मागोमाग आपोआप येते. फक्त डोळे चोळणं, कान ओढणं, कडेवर मान टाकणं ही लक्षणं पाहून तीही १५ मिनिटांनी अलीकडे घ्या.

नऊचे सात व्हायला आठ पायऱ्या, म्हणजे तीन ते साडेतीन आठवडे. शेवटी रात्री ९ ते सकाळी ७ आणि दुपारी पावणेदोन तास. बेरीज पावणेबारा. झोप तेवढीच, फक्त जागच्या जागी आली.

फसतं कुठे? रविवारी. 'झोपू दे गं, सुट्टी आहे' म्हणून नऊपर्यंत झोपू दिलं की सोमवारी दुपारी झोप नाही आणि रात्री पुन्हा बारा. सुट्टीच्या दिवशी अर्ध्या तासापेक्षा जास्त सूट नको.

ओसरी
+१. पाळणाघरात जाणाऱ्या मुलांसाठी एक पुरवणी. बऱ्याच पाळणाघरांत सगळ्या वयाच्या मुलांना १ ते ४ एकत्र झोपवतात, कारण मावशींचं जेवण, भांडी त्याच वेळात होतं. त्यांच्यावर चिडून उपयोग नाही. 'अडीचला उठवून नुसतं चटईवर बसवा, सोबत ठोकळ्यांची पिशवी देते आहे' असं ठोस काम सांगितलं तर बहुतेक मावशी ऐकतात. 'दुपारी कमी झोपवा' एवढंच सांगितलं तर त्यांना त्यातून काहीच करता येत नाही.

घरी परतताना रिक्षात, स्कूटरवर किंवा कारमध्ये साडेपाच-सहाला लागलेली दहा मिनिटांची डुलकी सगळ्या मेहनतीवर पाणी फिरवते. तेवढ्यानेही झोपेची ओढ बरीच उतरते. त्या वेळी हातात खायला काहीतरी द्या. चुरमुरे, मनुका, एकेक करून खावं लागेल असं.

कल्याण_स्लो
या केसमधला खरा पेच कुणी बोलत नाहीये. बाबा सव्वानऊला येतात. मुंबईत लोकलने ये-जा करणाऱ्या निम्म्या घरांत हाच तिढा. मूल पेंगायला लागलेलं असतं, दाराची बेल वाजते, 'बाबा आलेऽऽ' आणि पुढचा तास उड्या, घोडा-घोडा, हवेत उडवणं. त्यानंतर साडेदहाला जे अंगात येतं ते बारापर्यंत उतरत नाही.

मार्ग तीन. एक, बाबांची वेळ सकाळी. सातला उठलं तर पावणेआठपर्यंत दात, दूध, अंघोळ हे सगळं बाबांकडे. ऑफिसला लवकर निघावं लागणाऱ्यांना हे जमत नाही, कबूल. दोन, सगळं वेळापत्रकच पाऊण तास पुढे सरकवा. झोप ९.४५, उठणं ७.४५. बालवाडी सकाळची नसेल तर यात काहीही गैर नाही. नऊ हा आकडा कुणी दगडावर कोरलेला नाही, दोन्ही टोकं पक्की हवीत एवढंच. तीन, बाबांनी बेल न वाजवता किल्लीने दार उघडायचं, हातपाय धुवायचे आणि थेट शेवटच्या पायरीला हजर व्हायचं. गोष्ट बाबा सांगणार, दिवा बाबा बंद करणार. दंगा नाही. बाबा म्हणजे झोपायची वेळ, हे मुलाच्या डोक्यात आठवड्या-दोन आठवड्यांत बसतं.

बाबा भेटल्याशिवाय झोपू नये हा हट्ट बहुतेक घरांत मुलापेक्षा मोठ्यांचा असतो.

सायंतारा
कल्याण_स्लो, तिसऱ्या मार्गाला अनुमोदन. फक्त बाबांचं जेवण नंतर. ताट वाढलं की मुलाला पुन्हा भूक 'लागते'.

मेतकूटभात
दुधाबद्दल. रात्री १८० दोनदा म्हणजे ३६० मिली, दिवसाचं वेगळं. एवढं दूध पोटात असेल तर संध्याकाळी जेवण कमी होणार, मग आई घाबरून झोपताना पुन्हा दूध देणार. या वयाला दिवसभराचं दूध ४०० ते ५०० मिलीच्या वर नको. त्यापलीकडे गेलं की जेवण मारलं जातं आणि शरीरात लोह कमी पडतं. लोह आणि झोपेचा संबंध डॉक्टर मंडळी सांगतीलच.

रात्रीचं दूध एकदम तोडलं तर रडून घर डोक्यावर घेतील. दर दोन रात्रींनी ३० मिली कमी करा. १८०, १५०, १२०, ९०, ६०, ३०, मग बंद. साधारण बारा-तेरा रात्री लागतात. दोन वेळा उठत असेल तर आधी पहाटेचं कमी करू नका, पहिलं करा. रात्रीच्या पूर्वार्धात झोपेची ओढ जास्त असते, त्यामुळे थोडक्यात भागतं. बंद झालं की मागितल्यास वाटीभर नाही, दोन घोट पाणी. तेही पेल्यातून.

झोपेत तोंडात बाटली राहिली की वरचे पुढचे दात किडतात, हा वेगळा तोटा. दूध संपलं की दात घासायचे, मग अंथरूण. क्रम उलटा नको.

संध्याकाळी ७.३० च्या सुमारास पोटभर जेवण: मऊ वरणभात आणि वर चमचाभर तूप, मुगाची खिचडी, भाकरी कुस्करून ताक किंवा आमटीत, अंडं खात असाल तर अंडं. 'नाचणी सत्त्वाने झोप लागते', 'केळ्याने लागते' यात फार अर्थ शोधू नका. पोट भरलेलं असलं की झाला उपयोग. सातनंतर चॉकलेट आणि चहात बुडवलेलं बिस्कीट मात्र नको. चहा थोडा असला तरी चहाच.

पांढरा_डगला
वेळापत्रक सुधारूनही तीन-चार आठवड्यांत फरक पडला नाही तर शरीरात कारण शोधायला हवं. ओपीडीत वारंवार सापडणारी कारणं लिहितो.

लोहाची कमतरता. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातली ६ महिने ते ५ वर्षं वयाची ६७.१ टक्के मुलं रक्तक्षयी आढळली, महाराष्ट्रात ६८.९ टक्के. म्हणजे ही अपवादाची गोष्ट नाही. लोह कमी असलेलं मूल झोपेत सतत पाय झाडतं, लोळत गादीच्या दुसऱ्या टोकाला जातं, पांघरूण फेकतं, आणि दिवसा चिडचिडं असतं. त्याला 'हट्टी' हे नाव मिळतं. हिमोग्लोबिनबरोबर फेरिटिनही (शरीरातल्या लोहाच्या साठ्याचं माप) तपासून घ्या. दोन वर्षांपुढे हिमोग्लोबिन ११ च्या खाली असेल तर रक्तक्षय. पण ते ठीक असूनही लोहाचा साठा कमी असू शकतो, आणि अस्वस्थ झोपेच्या मुलांत फेरिटिन ५० च्या वर असावं असं झोपतज्ज्ञ धरून चालतात. अंगणवाडीतून किंवा आशाताईंकडून मिळणारं लोहाचं सिरप ६ महिने ते ५ वर्षांपर्यंत आठवड्यातून दोनदा १ मिली द्यायचं असतं. ते प्रतिबंधासाठी आहे. कमतरता निघाली तर मात्रा वजनावर ठरते, ती डॉक्टरांकडून घ्या. सिरप दुधाबरोबर देऊ नका, शोषलं जात नाही. लिंबू किंवा आवळ्याबरोबर चालतं. शी काळी होते, घाबरायचं कारण नाही.

जंत. रात्री अकरा-बाराच्या सुमारास रडत उठून ढुंगण खाजवत असेल तर सुतासारखे बारीक पांढरे जंत असू शकतात. मूल गाढ झोपल्यावर टॉर्च घेऊन गुदाशी पाहिलं तर दिसतातही. १० फेब्रुवारीच्या जंतनाशक दिनाला मिळते तीच अल्बेंडाझोल: १ ते २ वर्षांना अर्धी गोळी (२०० मिग्रॅ) चुरडून, त्यापुढे पूर्ण ४००. पण या जंतांना दोन आठवड्यांनी दुसरा डोस लागतो आणि घरातल्या सगळ्यांनी घ्यावा लागतो. नखं कापा, चादरी गरम पाण्यात.

घोरणं. सर्दी नसताना आठवड्यातल्या बहुतेक रात्री घोरणं, तोंड उघडं ठेवून झोपणं, मान मागे टाकणं, मध्येच श्वास थांबून दचकणं. ॲडिनॉइड (नाकाच्या मागच्या ग्रंथी) वाढलेले असू शकतात. एक मिनिटाचा व्हिडिओ काढा, छातीसकट दिसेल असा, आणि कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा. व्हिडिओने जे कळतं ते वर्णनाने कळत नाही.

दाढा. २३ ते ३३ महिन्यांच्या दरम्यान दुसऱ्या दुधाच्या दाढा येतात. दुखतं, पण काही दिवस. तीन महिने रोज रात्री उठतंय आणि कारण दाढा, असं होत नाही.

भातुकली
डॉक्टर, झोपल्यावर दीड तासाने किंचाळून उठणं, डोळे सताड उघडे पण आईला ओळखत नाही, घाम, हात लावला की अजून लाथा. सकाळी काहीच आठवत नाही. आजी म्हणतात दृष्ट लागली. हे काय?

पांढरा_डगला
याला रात्रभीती म्हणतात. दिसायला भयंकर, पण मूल त्या वेळी गाढ झोपेतच असतं. रात्रीच्या पहिल्या एक-तृतीयांश भागात येते. वाईट स्वप्न पहाटेकडे पडतं, त्यात मूल पूर्ण जागं होतं, तुम्हाला बिलगतं आणि 'भूभू आला' असं काहीतरी सांगतं. स्वप्न पडलं तर जवळ घ्या. रात्रभीतीत मात्र उठवू नका, हलवू नका, तोंडावर पाणी मारू नका. आपटणार नाही एवढं पाहा, शांत बसा. पाच-दहा मिनिटांत स्वतःच आडवं होतं. अतिथकवा, ताप, चुकलेली दुपारची झोप यांनी वाढते. रोज ठरावीक वेळी होत असेल तर त्या वेळेच्या पंधरा-वीस मिनिटं आधी हलकेच कुशीवर वळवून किंचित जागं करा, तीन-एक आठवडे. बऱ्याचदा ते चक्र मोडतं. हातपाय एका लयीत झटकत असेल किंवा एका रात्रीत अनेकदा होत असेल तर दाखवून घ्या.

मीठ-मोहरी ओवाळून आजींना बरं वाटत असेल तर जरूर ओवाळा. फक्त झटका चालू असताना मिरचीचा धूर करू नका.

तिखटमीठ
'नाही' वर येते. दोन-अडीच वर्षांच्या मुलाला नुकतंच कळलेलं असतं की आपण म्हणू ते घडू शकतं. ते हुकूम गाजवणारच. दिवसभर 'हे घालू नको, तिथे चढू नको, चल, बस, ऊठ' ऐकलेलं मूल सगळी वसुली रात्री करतं, कारण झोप ही एकच गोष्ट मोठ्यांना जबरदस्तीने करवून घेता येत नाही. त्यामुळे त्याला सत्ता द्या, पण दिवसा, आणि लहान-लहान.

वाक्यरचना बदला. 'झोपायचं का?' हा प्रश्न विचारला की उत्तर ठरलेलं. 'हत्तीचा नाइटड्रेस की पिवळा?' 'आधी दात की आधी शू?' 'उडी मारत गादीवर जायचं की कडेवर?' दोनच पर्याय, दोन्ही तुम्हाला चालणारे. तिसरा मागितला तर एकदाच, 'आज हे दोन आहेत.' दहा सेकंद थांबा. मनातल्या मनात दहा मोजा, कारण आपण तीन सेकंदांतच ओरडतो. तरी उत्तर नाही तर 'मग आज मी पिवळा निवडते' आणि लगेच कृती. चिडून नाही.

'पाच मिनिटांत झोपायचंय' हे या वयाला निरर्थक. मिनिट दिसत नाही. 'अजून तीन ठोकळे रच, मग डबा बंद' हे दिसतं. डबा मुलानेच बंद करायचा.

चित्रांची पट्टी करा. जेवण, अंघोळ, दात, शू, दोन गोष्टी, दिवा बंद अशी सहा चित्रं, जुन्या कॅलेंडरच्या मागे काढलेली चालतात, मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर भिंतीला. प्रत्येक गोष्ट झाली की त्यावर चिमटा मुलाने सरकवायचा. मग 'आई सांगते म्हणून' झोपायचं नसतं, पट्टीवर पुढचं तेच असतं. भांडण पट्टीशी. पावणेआठला सुरू केलं तर नऊला संपतं. त्यात गोष्टी दोनच, आणि त्या दोन कुठल्या ते मुलाने ठरवायचं.

पाणी-शू-आणखी एक पापा या मागण्या आधीच पट्टीत घालून टाका. उशाशी झाकणाच्या पेल्यात ५०-६० मिली पाणी. तीन वर्षांपुढच्या मुलाला एक चिठ्ठी देता येते: दिवा बंद झाल्यावर ती देऊन एकच मागणी पुरवून घ्यायची, मग चिठ्ठी आईकडे. गंमत म्हणजे बरीच मुलं ती वापरतच नाहीत, उशीखाली जपून ठेवतात. अडीच वर्षांच्या मुलाला मात्र हे कळत नाही, त्याच्यावर वाया घालवू नका.

आजीचा_बटवा
वाचून वाटलं की मूल झोपवायला आता अभियांत्रिकीची पदवी लागणार. पूर्वी जायफळाचे दोन वळसे उगाळून दिले, तेल लावून न्हाऊ घातलं, झोळीत टाकलं की मुलं झोपत. एवढी गणितं कुणी केली नाहीत.

पांढरा_डगला
बटवाताई, तेल आणि कोमट पाण्याची अंघोळ जरूर. झोपेच्या तासभर आधी उत्तमच. जायफळाबद्दल सावध राहा. मोठ्या मात्रेत ते विषारी आहे आणि सहाणेवर किती उतरलं हे कुणालाच मोजता येत नाही. आणि पूर्वीची सगळीच मुलं आपोआप झोपत नव्हती. मुंबईच्या गिरणगावात कामाला जाणाऱ्या आया अफू असलेली बाळागोळी देत, ती हौसेने नव्हे.

आजची बाळागोळी म्हणजे सर्दीचं सिरप. 'झोप छान लागते' म्हणून प्रवासात किंवा रात्री देणारे पालक खूप आहेत. प्रोमेथाझिन दोन वर्षांखाली श्वास मंदावू शकतं, ते देऊच नये. क्लोरफेनिरामाइन आणि फिनाइलेफ्रिन यांचं मिश्रण चार वर्षांखाली वापरू नये असं वेष्टनावर छापण्याचा आदेश केंद्रीय औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्ये काढला. ऑनलाइन मिळणाऱ्या मेलॅटोनिनच्या (झोपेच्या संप्रेरकाच्या) गोळ्या-गमी डॉक्टरांनी लिहून दिल्याशिवाय नकोत.

गोधडी
झोळीबद्दल. दोन वर्षांच्या मुलाचं वजन साडेअकरा-बारा किलोच्या आसपास असतं आणि ते उभं राहू शकतं. साडीच्या झोळीत उभं राहिलेलं मूल डोक्यावर पडतं, किंवा कापड मानेभोवती पिळतं. स्प्रिंगच्या पाळण्याचा हूकही एवढ्या वजनाच्या उड्यांसाठी नसतो. या वयाला झोळी बंद, खाली गादी. पलंग असेल तर पलंगच काढा किंवा गादी जमिनीवर घ्या. लोळून पडण्याचा प्रश्न मिटतो.

आता 'थोपटल्याशिवाय झोपत नाही, थांबलं की उठतं' याचं कारण. रात्रीत दर तास-दीड तासाने झोप हलकी होते, सगळ्यांचीच. मूल अर्धवट जागं होऊन तपासतं की झोपताना होतं ते सगळं आहे ना. हात होता, आता नाही. मग बोंब. झोप लागण्याच्या शेवटच्या क्षणी जे असेल ते रात्रभर मागितलं जातं. म्हणून शेवटच्या पाच मिनिटांतला हात काढायचा, बाकी थोपटणं कितीही करा.

एका खोलीत सगळे झोपतात तिथेही हे जमतं. प्रत्येक पायरी तीन रात्री.

पहिली: नेहमीसारखं थोपटा, पण वेग उतरवत न्या. सेकंदाला एक, मग दोन सेकंदांना एक. डोळे मिटायला लागले की थोपटणं थांबवा, हात पाठीवर तसाच जड ठेवा. दुसरी: थोपटणं नाही, पहिल्यापासून नुसता जड हात. काढताना झटकन उचलू नका. आधी बोटं, मग तळवा, शेवटी मनगट, आणि हे सगळं मुलाचा श्वास बाहेर पडत असताना. तिसरी: हात पाठीवर नाही, शेजारी गादीवर. मूल तो धरेल, धरू दे. चौथी: हात आपल्याकडे, तुम्ही शेजारी आडव्या, बोलायचं नाही. पाचवी: वीतभर, मग हातभर अंतर. तिथेच थांबलात तरी चालतं. मूल वेगळ्या खोलीत झोपलंच पाहिजे असा कुठलाही नियम नाही.

रात्री हालचाल ऐकू आली की लगेच जाऊ नका. दोन मिनिटं थांबा. मुलं उठून बसतात, कण्हतात, पुन्हा आडवी होतात. 'काय झालं रे सोन्या' म्हणून आपणच त्यांना पूर्ण जागं करतो.

रातकिडा
गोधडी, मस्त लिहिलंय. एक भर: तिसऱ्या-चौथ्या रात्री रडणं कमी न होता वाढतं. सवय मोडताना हे होतंच. इथे नव्वद टक्के घरं माघार घेतात (हा आकडा माझा अंदाज, अभ्यास शोधू नका). चाळीस मिनिटं रडल्यावर उचललं तर मूल शिकतं की चाळीस मिनिटं रडायचं असतं. त्यापेक्षा पहिल्या मिनिटालाच उचललेलं बरं.

भातुकली
पण दार बंद करून रडू द्यायची ती पाश्चात्त्य पद्धत मला अमानुष वाटते. आणि शेजारचे दार वाजवतात ते वेगळंच.

रातकिडा
इथे कुणी दार बंद करायला सांगितलेलं नाही. अमेरिकन बालरोगतज्ज्ञ रिचर्ड फर्बर यांनी १९८५ मध्ये मांडलेल्या पद्धतीतही ठरावीक अंतराने मुलाकडे जायचं असतंच. पण ती वेगळी खोली आणि कठडा असलेला पलंग गृहीत धरते. उठून चालत येणाऱ्या अडीच वर्षांच्या मुलाला, तेही आजी-आजोबा त्याच खोलीत असताना, ती लागू पडत नाही. गोधडींच्या पद्धतीत माणूस शेजारीच असतो. शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवा, पंधरा दिवस आवाज येईल म्हणून. सांगितलं की बहुतेक लोक समजून घेतात.

आणि घरात उत्तर एकच हवं. आई 'नाही' म्हणते, आजोबा हळूच मोबाइल देतात, बाबा फिरवून आणतात. मूल एकेकाकडे जाऊन पाहणारच. 'आता झोपायची वेळ झाली' हे एकच वाक्य, त्याच सुरात, चौघांनीही. रात्री कोण उठणार तेही आधी ठरवा. शक्यतो दूध न देणाऱ्या माणसाने उठावं.

श्टुटगार्टकर
इकडे जूनमध्ये सूर्य साडेनऊला मावळतो, त्यामुळे उजेड हा आमचा मुख्य शत्रू. पण भारतातही विसरू नका. कोलोरॅडो विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१८ मध्ये ३ ते ५ वर्षांच्या मुलांवर एक छोटा प्रयोग प्रसिद्ध केला, दहाच मुलं होती. झोपेआधी तासभर प्रखर उजेडात खेळवल्यावर झोपेचं संप्रेरक जवळजवळ ९० टक्के दबलं आणि दिवा गेल्यावर पन्नास मिनिटांनीही बहुतेकांत सावरलं नव्हतं. आपल्या हॉलमधली पांढरी ट्यूब त्या प्रयोगाइतकी प्रखर नसते, पण आठनंतर ती बंद करून एक पिवळा मंद बल्ब ठेवा. नाइटलॅम्प निळा नको, लालसर बरा.

मोबाइल-टीव्हीबद्दल भारतीय बालरोग अकादमीचं म्हणणं स्पष्ट आहे: दोन वर्षांखाली अजिबात नाही, दोन ते पाच वर्षांत दिवसाला जास्तीत जास्त एक तास. तो तासही संध्याकाळी सहाच्या आत संपवा.

भारतात येणाऱ्यांसाठी: इथून उन्हाळ्यात साडेतीन तासांचा फरक, हिवाळ्यात साडेचार. पोहोचल्यावर मूल रात्री बारा-एकपर्यंत जागं राहतं आणि सकाळी उठत नाही. दुसऱ्या दिवसापासून आठला उठवून उन्हात न्यायचं. तासाला एक दिवस धरा. नातेवाइकांच्या भेटी पहिले चार दिवस दुपारच्या झोपेनंतरच ठेवा. आत्या रागावेल, रागावू दे.

ओसरी
पलंगाभोवतालचं थोडं. उकाड्यात एसी २४ ते २६, पंखा सावकाश, अंगात सुती झबलं एवढंच. डासांसाठी बंद खोलीत कॉइल नको, जमिनीवरच्या गादीला उभी राहणारी घडीची मच्छरदाणी मिळते ती लावा. तिच्या आत शिरणं हाही मुलाच्या पट्टीतला एक टप्पा होऊ शकतो. वीज जाते तिथे पंख्याच्या आवाजाची सवय हा धोका आहे. पंखा थांबला की मूल उठतं. इन्व्हर्टरवर तोच पंखा घ्या.

कल्याण_स्लो
संध्याकाळी पाच ते साडेसहा अंगणात, गच्चीवर, बागेत पळापळ हवीच. जागतिक आरोग्य संघटना २०१९ च्या मार्गदर्शिकेत या वयाला दिवसभरात १८० मिनिटं हालचाल सांगते. घरात सोफ्यावर उड्या त्यात मोजा, पण साडेसातनंतरच्या नकोत.

परसबाग
गणपतीत काय करायचं? दहा दिवस आरत्या नऊला, ढोल अकरापर्यंत.

तिखटमीठ
आरतीला येऊ दे, टाळ वाजवू दे. पण सकाळी उठायची वेळ सोडू नका, दुपारची झोप अर्धा तास वाढवा. रात्री उशीर झाला तरी पट्टी पूर्ण करायची, फक्त गोष्ट दोनऐवजी एक. विसर्जनानंतर तीन-चार दिवसांत गाडी रुळावर येते. ढोलाच्या मिरवणुकीत कान झाका, कानावर बसणारे लहान मुलांचे हेडफोनसारखे संरक्षक मिळतात.

सायंतारा
वाखूसा (वाचनखूण साठवली). परसबाग, तिखटमीठची चित्रांची पट्टी आणि रातकिड्याच्या पायऱ्या धाग्याच्या सुरुवातीला चिकटवून टाक ना.

परसबाग
टाकते. पहाटे कोंबड्यासारखी साडेपाचला उठणारी मुलं हा वेगळा प्रकार, त्याचं उत्तर कुणाकडे आहे?

रातकिडा
आधी खोलीत पहाटे उजेड कुठून येतो ते बघा. पडद्याच्या वरच्या फटीतून येतो बहुतेक, तिथे जाड चादर खोचा. मग साडेपाचला दूध मिळतंय का ते बघा. मिळत असेल तर पोट त्या वेळेलाच जागं होतं. दूध रोज दहा मिनिटं उशिरा, साडेसहापर्यंत. त्याआधी उठलं तर अंधारच, कुजबुजत तेच वाक्य. दुपारची झोप साडेअकराला होत असेल तर तीही बारा-सव्वाबाराकडे ढकला, नाहीतर पहाटेची राहिलेली झोप ते तिथे पुरी करतं आणि साडेपाच कायम राहतात. रात्री उशिरा झोपवून हे सुटत नाही, उलट अजून लवकर उठतात.